बिनवाद्यांची एकतीस मिनिटं

तुम्ही चोर आहात, साहेब. पाकीटमार निदान गर्दीत हात घालून पळतो. तुम्ही रीतसर पोच दिलीत, शिक्का मारलात आणि माझा गळा घेऊन गेलात.

सृष्टी भोयरने अर्जाची ही सुरुवात तीनदा खोडली आणि चौथ्यांदा जशीच्या तशी लिहिली. वर ‘महोदय’ नाही, ‘विषय’ नाही, ‘संदर्भ’ नाही. महापालिकेच्या कार्यालयाचं लाकडी बाक, मांडीवर बॅग, बॅगेवर कागद. सात आठवड्यांपूर्वी ह्याच बाकावर बसून तिने पहिला अर्ज लिहिला होता आणि त्यात ‘विनंती’ हा शब्द चार वेळा घातला होता. विनंतीवरून ती चोरावर कशी आली, तेवढंच इथे सांगायचं आहे.

सृष्टी मूळची आर्वीची, वर्धा जिल्ह्यातली. शिकायला पुण्यात आली त्याला आठ वर्षं झाली. आता वारज्यात भाड्याच्या अडीच खोल्या आणि बाणेरला एका विमा कंपनीच्या हेल्पलाइनवर नोकरी. नोकरी म्हणजे काय, तर नऊ ते सहा दुसऱ्याने लिहून दिलेल्या शब्दांत तिसऱ्याच्या चुकीची माफी मागायची. ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, कृपया लाइनवर थांबा.’ दिवसाला शंभरेक वेळा. आवाज गोड म्हणून तिला घेतली होती आणि आवाज गोड म्हणूनच तिला चिडायची सोय नव्हती.

उरलेल्या वेळात ती गाणी करायची. शब्द तिचे, चाली तिच्या. वाद्यं आणि ध्वनिमुद्रण राजसचं. राजस तिचा कॉलेजातला मित्र, कपाटात गाद्या लावून त्यात माइक टांगणारा. दोन वर्षं खपून दोघांनी नऊ गाण्यांचा अल्बम केला, नाव ठेवलं ‘अडीच खोल्या’. त्यात पाचवं गाणं होतं ‘होल्डवर’. दिवसभर लोकांना थांबवून ठेवणाऱ्या बाईचं, जिचं स्वतःचं बोलणं कुठेच लागत नाही. ‘थांबा’ ह्या शब्दाच्या आधी सृष्टीचा श्वास किंचित तुटला होता. राजस म्हणाला, साफ करतो. ती म्हणाली, हात लावायचा नाही. बाकी आठ गाणी पडली तरी चालतील, हे एक लोकांपर्यंत जावं, एवढीच तिची इच्छा.

पण तिचा आवाज लोकांपर्यंत आधीच गेलेला होता, आणि खरी अडचण तीच.

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी कसलीशी स्वच्छता स्पर्धा झाली होती. पंखा बंद करून वर्गात मोबाइलवर सत्तावीस सेकंदांचं गाणं घेतलं होतं. ‘या हो या, गाडी आली, ओला इकडे, सुका तिकडे.’ बक्षीस म्हणून तुळशीचं रोप आणि प्रमाणपत्र मिळालं. प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव होतं, हिचं नव्हतं. हिच्या जागी ‘सहभागी विद्यार्थिनी’. पुढच्या पावसाळ्यात ते गाणं घंटागाड्यांवर वाजायला लागलं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. अठरा वर्षांच्या मुलीला तेव्हा मौजच वाटली. आर्वीला फोन करून तिने खिडकीतून ते गाणं बाबांना ऐकवलंसुद्धा होतं. त्यानंतर सात वर्षं रोज सकाळी हा आवाज शहरभर बादल्या बाहेर काढत होता.

अल्बम आला त्या रविवारी राजसने शनिवार पेठेत त्याच्या काकांच्या दिवाणखान्यात ऐकण्याची बैठक ठेवली. काका म्हणजे गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे, बँकेतून निवृत्त, घरात उत्तम स्पीकर आणि त्याहून उत्तम मतं. सतरंज्या घातल्या, तीसेक माणसं आली, कॉफी फिरली. संध्याकाळचे सहा वाजले होते. पहिलं गाणं वाद्यांशिवाय सुरू होत होतं, नुसत्या लांब आलापाने. तो आलाप स्पीकरमधून आला मात्र, गोपाळकाका उठले, स्वयंपाकघरात गेले, एका हातात हिरवी आणि एका हातात निळी बादली घेऊन बाहेर आले आणि दार उघडून जिन्यात उभे राहिले.

क्षणभर कोणाला काही कळेना. मग सतरंजीवरची माणसं हसून लोळायची बाकी राहिली. काका परत आले ते जराही न ओशाळता. सवय आहे, म्हणाले, दोन मिनिटं उशीर झाला की गाडी निघून जाते. बादल्या दाराशी ठेवून ते बसले आणि पुढची आठ गाणी डोळे मिटून ऐकली. पण ती बाकी कोणी ऐकली नाहीत. पाचवं गाणं लागलं तेव्हा लोक एकमेकांच्या फोनवर मघाचा व्हिडिओ बघत होते, कारण कोणीतरी तो काढला होता आणि गाणी संपायच्या आत लावूनही टाकला होता.

दोन दिवसांत बारा लाख लोकांनी तो पाहिला. अल्बमही मग ऐकला गेला. ऐकला म्हणजे पहिली वीस सेकंदं. आई, आजी, सासरे ह्यांच्यासमोर आलाप लावायचा आणि कोण डबा घेऊन धावतं ते टिपायचं, असा खेळच निघाला. खाली प्रतिक्रियांचा ढीग. ओला अल्बम की सुका अल्बम? कार्यक्रम कधी, सकाळी सात वाजता का? ताई, कालचं गाणं आज उचलत नाही, नियमात बसत नाही. एकाने अतिशय शुद्ध मराठीत लिहिलं होतं की गायिकेने आपल्या गाण्यांचं घरच्या घरी वर्गीकरण करून मगच ती बाहेर आणावीत.

सृष्टी ते वाचत अडीच खोल्यांत फिरत राहायची. ओट्यापाशी जायची, गॅस न पेटवताच परत यायची. बस चुकवायची. हेल्पलाइनवर एका माणसाने तिचं वाक्य मध्येच तोडून विचारलं, अहो, तुम्ही त्या कचऱ्याच्या गाडीवरच्या का? तिने दिलगिरी व्यक्त केली आणि त्याला होल्डवर टाकलं. दर दहा मिनिटांनी ती पाचव्या गाण्याखाली बघायची. तिथे एकही अक्षर नव्हतं. राजसचं म्हणणं, गाजतंय ना, मग एन्जॉय कर, घंटागाडीवर उभी राहून एक रील करू, फाडून टाकू. तिने त्याच्याशी चार दिवस बोलणं टाकलं.

पाचव्या गाण्याला पहिला श्रोता मिळाला तो गाडीवरच. यमुनाबाई सृष्टीच्या गल्लीत सहा वर्षं कचरा घ्यायच्या. पन्नाशीची बाई, अंगात खाकी कोट, त्याच्या खिशात पानाची डबी आणि चिरा गेलेला मोबाइल. गाण्याचा गवगवा त्यांच्या सुनेने दाखवला होता. पुढच्या सोमवारी सकाळी सृष्टीची बादली हातात घेऊन त्या म्हणाल्या, ‘ह्यो गाडीवरचा आवाज तुजा हाय व्हय? मला वाटायचं कुनी थोराड बाई असंल.’

सृष्टी हसली नाही. हसायचं तिचं संपलं होतं. मग यमुनाबाईंनी आपणहून सांगितलं की नऊच्या नऊ गाणी ऐकली, शेडवर कचरा निवडताना. एक झोपेचं आहे, म्हणाल्या. दोन-तीन कळली नाहीत. पण ते पाचवं पुन्हा पुन्हा लावलं.

‘का, मावशी?’

‘त्यात कुनीतरी उभं हाय,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘मी बी अशीच उभी ऱ्हाते. आनते हां, थांबा, म्हनून लोक आत जात्यात आन् इसरत्यात. गाडी फुडं निघून जाती. तू थांबा म्हनायच्या आदी जरा गिळतीस बघ. तितं माज्या पोटात हाललं.’

गाडीच्या स्पीकरवर तिचाच आवाज ‘या हो या’ करत होता आणि त्या आवाजाखाली सृष्टी बादली धरून रडत उभी होती. दोन वर्षांत एका माणसाने गाणं ऐकलं होतं, आणि तेही नेमक्या तुटलेल्या श्वासापाशी. दुसऱ्या दिवसापासून तिने यमुनाबाईंसाठी चहा टाकायला सुरुवात केली. दारातच, स्टीलच्या पेल्यात. तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत दिवसभराची धुसफूस खाली बसायची. गाडीवरचं ते गाणं बंद करून टाकावं का, असं तिने एकदा विचारलं. यमुनाबाई म्हणाल्या, कर की, हाका मारायला आम्हाला तोंड हाय.

म्हणून कचरा खात्याला तो पहिला अर्ज. मागणं साधं होतं. ध्वनिफीत माझी आहे, माझ्या परवानगीवाचून वाजते, कृपया थांबवावी. पैशाचा त्यात शब्द नव्हता.

खिडकीवर श्रीधर मेहेंदळे नावाचे गृहस्थ होते. चष्म्यावरून बघणारे, बोलण्यात अतिशय सभ्य. त्यांनी अर्ज वाचला, उलटा करून पाठ बघितली आणि विचारलं, ‘आवाज आपलाच आहे, कशावरून?’

सृष्टीने प्रमाणपत्र दाखवलं. त्यावर नाव नव्हतं. बारा लाखांचा व्हिडिओ दाखवला. तो करमणुकीचा भाग झाला, मेहेंदळे म्हणाले. तेव्हा तिने खिडकीपाशीच उभं राहून गायलं, ‘या हो या, गाडी आली’. कोपऱ्यात बसलेली सफाईची बाई टोपली उचलून अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि थबकली. सगळं खातं हसलं. मेहेंदळे हसले नाहीत. साधर्म्य आहे, म्हणाले, पण साधर्म्य म्हणजे पुरावा नव्हे. ते आत साहेबांकडे जाऊन आले. साहेबांचं म्हणणं, आवाजाचा नमुना जोडा. वाद्यांशिवाय, कारण वाद्यांत काय, कोणीही लपतं. किमान वीस मिनिटांचा. तीन प्रतींत.

इथे कोणालाही शंका यायला हवी होती. सत्तावीस सेकंदांचं गाणं ओळखायला वीस मिनिटं कशाला? राजसला आली. अगं, रॉ व्होकल्स असे उचलून कोणी देतं का, म्हणाला तो, येडी आहेस का? पण सृष्टी ज्ञानदेव भोयरची मुलगी. ज्ञानदेव आर्वीच्या तहसीलमध्ये तीस वर्षं शिपाई होते. खिडकीवरून माणसं परत जाताना त्यांनी आयुष्यभर पाहिली, आणि परत जाणाऱ्यांच्या कागदांत काहीतरी कमी असतं, एवढाच धडा त्यांनी त्यातून घेतला. फोनवर ते म्हणाले, ‘कागद पुरा असला ना बेटा, त साहेबाले नाही म्हनता येत नाही.’

तिने कागद पुरा केला. नऊ गाणी, वाद्यं काढून टाकलेली, नुसता गळा. एकतीस मिनिटं. श्वास, आवंढे, ओठ उघडल्याचे आवाज, सगळं. तीन पेनड्राइव्ह, तीन पाकिटं, पाकिटांवर सुवाच्य अक्षरात नाव, पत्ता, ‘जोडपत्र अ’. मेहेंदळ्यांनी शिक्का मारून पोच दिली. असे व्यवस्थित अर्ज हल्ली येत नाहीत, असंही म्हणाले. ती पोच तिने देवाच्या फोटोमागे ठेवली.

सहाव्या आठवड्यात, एका मंगळवारी, गाडीवरचं गाणं थांबलं. सृष्टी ओट्यापाशी चहा गाळत होती. गाडी वळणावर आली, नेहमीचं ‘या हो या’ नाही. तिला वाटलं, जिंकले. तेवढ्यात स्पीकर खरखरला आणि बाहेर ती स्वतः बोलायला लागली.

‘सूचना. कचरा वेगळा न दिल्यास दंड आकारण्यात येईल. गाडी एका ठिकाणी दोन मिनिटांहून अधिक थांबणार नाही. सफाई कामगारांना चहा, फराळ अथवा जुने कपडे देऊ नयेत. कामगाराने तशी मागणी केल्यास पुढील क्रमांकावर तक्रार करा.’

हे ती कधी बोललीच नव्हती. पण बोलत तीच होती. तिचा ‘ळ’, तिचा ‘च’, वाक्याच्या शेवटी खाली येणारा तिचा स्वर. आणि ‘तक्रार’ ह्या शब्दाच्या आधी, अगदी बारीक, तुटलेला श्वास. ‘होल्डवर’मधला. ज्याला तिने राजसला हात लावू दिला नव्हता, तो. एकतीस मिनिटं यंत्राला भरवून त्यांनी तिच्या गळ्याचा साचा काढला होता आणि त्या साच्यातून आता वाट्टेल ते ओतून निघत होतं.

चहा ओट्यावर पसरला. ती तशीच जिना उतरून खाली गेली. यमुनाबाईंनी बादली घेतली, ओतली, रिकामी करून जमिनीवर ठेवली. हातात दिली नाही. सूचना दुसऱ्यांदा सुरू झाली तशा त्या वळल्या.

‘मी मागितला हुता का गं चहा तुज्याकडं?’

‘मावशी, ती मी नाही. मी असलं काही बोललेच नाही. मशीनने बनवलंय.’

‘तुजाच आवाज हाय,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘मी वळखते. त्यो गिळल्याला सुदिक वळखते.’

जो पुरावा खातं तिच्याकडे मागत होतं तो असा भर गल्लीत, चुकीच्या माणसाने, चुकीच्या दिवशी दिला. सृष्टी गाडीमागून चार इमारती चालत गेली, बोलत राहिली. यमुनाबाईंनी मागे बघितलं नाही. समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ बादली देता देता म्हणाले, बरं केलंत मॅडम, ह्यांची सवयच वाढली होती. ते ऐकून ती जागच्या जागी उभी राहिली. आजवर लोक तिला हसत होते, ते एक वेळ सोसवत होतं. हा माणूस तिचे आभार मानत होता.

त्या आठवड्यात अल्बमखाली पुन्हा प्रतिक्रियांचा पाऊस. ताई आता दंडही घेते. ताईचा पुढचा अल्बम, मालमत्ता कर. पाचव्या गाण्याखाली पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी लिहिलं, ‘गरिबाचा चहा तोडणाऱ्या बाईला ऐकायचं नाही.’ लिहिणाराचं काय चुकलं? त्याने आवाज ओळखला होता. राजसने हे सगळं नीट लिहून काढलं, लोकांना समजावलं. ते कोणी वाचलं नाही. सृष्टीने रोज सकाळी दारात पेला धरला. यमुनाबाई पेल्याच्या बाजूने हात घालून बादली उचलायच्या. कामावर तक्रार गेली तर नोकरी जाईल, पोरी, एवढंच एकदा म्हणाल्या, आणि तेही पेल्याकडे बघून.

आठव्या दिवशी ती रजा टाकून कार्यालयात गेली. मेहेंदळ्यांनी ओळखलं. बसा म्हणाले.

‘अहो, आपलीच तक्रार होती ना, आपली ध्वनिफीत वाजवू नका म्हणून? थांबवली. अर्ज निकाली निघाला. आता वाजते ती खात्याची स्वतःची आहे. यंत्रावर केलेली.’

‘त्यात आवाज माझा आहे.’

मेहेंदळ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘कशावरून?’

ती म्हणाली, पेनड्राइव्ह काढा, लावा, ऐका, श्वाससुद्धा तोच आहे. मेहेंदळे म्हणाले की तो नमुना निकाली निघालेल्या अर्जाचा भाग आहे, नव्या तक्रारीला नवा नमुना लागेल. मग माझे पेनड्राइव्ह परत द्या, ती म्हणाली. जोडपत्रं परत मिळत नाहीत, ते म्हणाले. साहेबांना भेटायचंय. साहेब बैठकीत आहेत. आतल्या दाराच्या काचेमागे एक माणूस चहा पीत होता, बशीत ओतून, फुंकर घालून. सृष्टीने त्याच्याकडे इतका वेळ बघितलं की त्याने पडदा ओढून घेतला.

दिलगीर आहोत, कृपया थांबा, असं हा माणूस म्हणेल, असं तिला वाटत होतं. मेहेंदळे तसंच म्हणाले, शब्दसुद्धा तेच. रोज शंभर वेळा ती जे लोकांना ऐकवायची ते आज खिडकीच्या ह्या बाजूने ऐकलं. आणि ती थांबली. पण घरी गेली नाही. बाकावर बसली, कागद काढला आणि लिहिलं, तुम्ही चोर आहात, साहेब.

पाऊण तासाने तिने तो कागद खिडकीत सरकवला. मेहेंदळ्यांनी पहिली ओळ वाचली आणि कागद दोन बोटांनी परत ढकलला. असं लिहीत नाहीत, म्हणाले, ‘महोदय’ घाला, आणि जोडपत्र कुठे आहे?

‘जोडपत्र नाही,’ सृष्टी म्हणाली. ‘ह्या वेळी मी काही देणार नाही. शिक्का मारा.’

मेहेंदळ्यांनी शिक्का उचलला नाही. मग तिने कागद हातात घेतला आणि खिडकीपाशी उभी राहून वाचायला लागली. हेल्पलाइनचा आवाज नाही, गाण्याचा नाही, गोड तर नाहीच. आर्वीचा, तहसीलच्या आवारात लांबून बापाला हाक मारायचा तो. रांगेतली माणसं वळली. कोपऱ्यातली सफाईची बाई ह्या वेळी टोपली न उचलता उभी राहिली. काचेमागचा पडदा एका बाजूने हलला. सगळा अर्ज वाचून ती शेवटाला आली आणि तिथे तिने आवाज चढवला नाही, फक्त एकेक शब्द सुटा केला.

‘यमुनाबाईंनी चहा मागितला अशी तक्रार मी कधी केली, त्याची तारीख, वेळ आणि ठिकाण सांगा. सांगता येत नसेल तर उद्या सकाळी सात वाजता, त्याच गाडीवर, आमच्याच गल्लीत, तुमच्या स्वतःच्या आवाजात सांगा की अशी तक्रार मी केलीच नव्हती. सांगणार आहात का, साहेब? होय की नाही?’